दसऱ्याला रंग नको, आधी बॉनेट वाळू दे

काका, सा. न.

बाबांची लाल रंगाची सॅन स्टॉर्म आहे. दोन सीटची, फायबर बॉडीची, कापडी टपाची. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे बावधनला आली. सोसायटीत मला उघड्यावरचं पार्किंग आहे, म्हणून लगेच चांगलं जाड, पूर्ण वॉटरप्रूफ कव्हर घेतलं. बाबांच्या आजारपणात रंग विटला होता, तो गेल्या वर्षी श्रावणात एका गॅरेजमध्ये नव्याने मारून घेतला. यंदा जुलैपासून बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर बारीक फोड आलेत. बहुतेक मोहरीएवढे, काही साबुदाण्याएवढे. चार दिवस उघडीप मिळाली की बसतात, झड लागली की पुन्हा वर येतात. गॅरेजवाले म्हणतात, पुन्हा रंग मारून दसऱ्याच्या आत देतो, ₹४५,००० होतील. त्यातले दहा हजार मी आगाऊ दिलेत. दुसऱ्या एकाने वरून व्हिनाइल रॅप सुचवलं. भाऊ म्हणतो, विकून टाक. बाबांनी ही गाडी आरशासारखी ठेवली होती, माझ्या हाती आली आणि तिची ही दशा झाली. दसऱ्याची पूजा नव्या रंगावर करावी असं फार मनात आहे. काय करू?

– एक वाचक, बावधन

ताई, नमस्कार.

उघडीप मिळाली की फोड बसतात, झड लागली की वर येतात, असं तुम्ही लिहिलंय. निदान तुम्हीच करून पाठवलंत. रंगाखाली नुसती हवा अडकली असती तर उन्हाने ती फुगली असती आणि फोड उन्हातच वर आले असते. थिनर नीट उडालं नसतं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली असती, आणि ती पाऊस-ऊन बघून कमीजास्त होत नाहीत. तुमच्याकडे हवामानाबरोबर फोड हलतात, म्हणजे आत पाणी आहे. ते आत असेपर्यंत वर कितीही भारी रंग मारा, पुढच्या श्रावणात तुम्ही मला हेच पत्र लिहाल. म्हणून उत्तर आधी सांगतो: दसऱ्याला रंगवू नका, गुढीपाडव्याला रंगवा. रॅप तर लावूच नका.

आता कारणं, कारण ती कळल्याशिवाय सहा महिने थांबणं जड जाईल.

फायबरला गंज नाही, मग पाण्याची भीती कसली, असं सगळेच म्हणतात. गच्चीवरची टाकी फायबरची, बोटी फायबरच्या, मग गाडीलाच काय धाड भरली? पण टाकीला कोणी चकचकीत रंग देत नाही, आणि बोटींच्या बुडाला हेच फोड येतात. बोटवाल्यांचं ते जुनं दुखणं आहे, त्यावरचे उपायही आपण त्यांच्याकडूनच उचललेत. १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरच्या अंगाने आली, १९५७ साली इंग्लंडात लोटस एलिट आली, पुढे ब्लॅकपूलच्या टीव्हीआर आल्या. इंग्लंडच्या ओल्या हवेत ज्यांनी ज्यांनी अशा गाड्या उघड्यावर झाकून ठेवल्या, त्यांतल्या अनेकांनी बॉनेटवर हीच मोहरी पाहिली आहे. तेव्हा गाडीची अवहेलना झाली, असं मनातून काढून टाका.

मी भोसरीत २६ वर्षं फायबरचं काम केलं. काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन आणि दर्शनी बाजूला जेलकोटचा, म्हणजे नुसत्या रेझिनचा गुळगुळीत थर, एवढंच त्याचं अंग. बाहेरून ते काचेसारखं गुळगुळीत दिसतं, पण पाण्याची वाफ त्यातून हळूहळू जाते. रंगातूनही जाते. नुसती आत-बाहेर झाली तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते आत विरघळण्यासारखं काही सापडलं तर. मनुका पाण्यात टाकली की सकाळी टम्म फुगलेली असते ना? सालीच्या आत साखर आहे, ती बाहेरचं पाणी खेचते आणि साल ते परत सोडत नाही. रंगाचा थर म्हणजे ती साल. आतली साखर कुठली, हे तेवढं शोधायचं.

काही वेळा ती रेझिनमध्येच असते. नीट न मुरलेल्या रेझिनमध्ये ग्लायकॉलसारखे उरलेसुरले पदार्थ राहतात, ते पाण्यात विरघळतात. काही वेळा ती माणसाच्या हातून येते. प्रायमरआधी पॅनलवर घामेजला हात टेकला की त्या घामातलं मीठ तिथेच राहतं, आणि सहा महिन्यांनी कधीकधी बोटांच्या ठशांच्या आकारात फोड उमटतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या भागात टँकरचं आणि बोअरचं पाणी असतं. त्या जड पाण्याने पॅनल धुऊन तसाच वाळू दिला तर बादलीला जे पांढरं धरतं तेच पॅनलवरही धरतं. त्यावर रंग बसला की झाली मनुका तयार.

पण तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय लांबीवर, म्हणजे रंगाआधी खाचखळगे भरायच्या पुट्टीवर आहे. तुमच्या पत्रातला 'श्रावणात' हा शब्द वाचूनच माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे लांबी भरली की पाणीपेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने घासतात. पत्र्यावरच्या कामात वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. लांबी मात्र खडूसारखी असते, पाणी पिते. चैत्रात घासलं तर उन्हाने दोन दिवसांत सुकते. श्रावणात हवाच ओली, ती सुकणार कुठून? वर गणपतीची घाई. संध्याकाळी घासलं, सकाळी सर्फेसरने, म्हणजे रंगाखालच्या अस्तराने बंद केलं, की पाणी आतच राहतं. पेंटरला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. पत्र्याच्या गाडीवर तो पंचवीस वर्षं असंच करत आला असेल आणि त्याचं निभावलंही असेल.

माझं निभावलं नव्हतं. एका वर्षी एका मंडळाचा फायबरचा रथ आम्ही श्रावणात रंगवून दिला. मिरवणुकीच्या दिवशी घोड्याच्या पाठीवर घामोळं यावं तसे फोड आले होते. मी सुईने एक फोडला. आतलं पाणी बोटांना चिकट लागलं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. मंडळाच्या मुलांनी मला एक शब्दही वावगा बोलून दाखवला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली. उन्हाळ्यात तो रथ आणून मी स्वखर्चाने नागडा केला, वाळवला आणि पुन्हा रंगवला. त्यानंतर जून ते सप्टेंबर लांबीवर सर्फेसर मारायचा नाही, हा आमच्या शेडचा नियम झाला.

आता कव्हर. ताई, तुम्ही ते मायेपोटी घेतलंत, हे मला कळतं. पण या दुखण्यात निम्मा वाटा त्याचाच आहे. वॉटरप्रूफ कव्हर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेरही जाऊ देत नाही. खालच्या ओल्या पेव्हिंग ब्लॉकमधून वाफ वर येते आणि कव्हरच्या पोटाशी अडकते. दुपारी गरम होते, रात्री गार पडली की थेंब होऊन बॉनेटवर बसते. कव्हर जिथे अंगाला टेकतं तिथे, म्हणजे बॉनेट आणि डिकीवर, रंग चोवीस तास कोमट पाण्यात राहतो. तुमचे फोड नेमके तिथेच आहेत, दारांवर नाहीत.

शिवाजीनगरला वर्षाचा पाऊस पडतो सातशे-साडेसातशे मिलिमीटर. मुंबईपुढे तो काहीच नाही, पण पुण्याची भुरभुर चार-चार दिवस उन्हाचं तोंड पाहू देत नाही, आणि बावधनला डोंगराच्या कुशीत ती आणखी रेंगाळते. हिवाळ्यातही बेसावध राहू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, एवढा फरक रोज पडतो. पाऊस नसतानाही बंद कव्हरखाली सकाळी दव सापडतं. तेव्हा ते कव्हर आजच काढा. पावसात गाडी उघडी भिजली तरी चालेल. भिजलेली गाडी वाऱ्याने वाळते, झाकलेली वाळत नाही.

पुढचं काही करण्याआधी दोन परीक्षा घ्या, दोन्ही घरी होतात. डोळ्यांवर चष्मा लावा, कारण फोडातलं पाणी कधीकधी दाबाखाली असतं आणि उडतं. बारीक सुईने सहा-सात फोड फोडा, काही बॉनेटवरचे, काही डिकीवरचे. कोरडे निघाले तर माझं निदान चुकलं, मला परत लिहा. पाणी निघालं तर त्याला लिटमसचा निळा कागद लावा, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. कागद लाल झाला, आंबूस वास आला, तर दुखणं रेझिनपर्यंत गेलंय आणि रंग जेलकोटपर्यंत उतरवावा लागेल. साधंच पाणी निघालं तर ते रंगाच्या थरांमध्ये किंवा लांबीत अडकलंय, काम थोडं हलकं. दुसरी परीक्षा आतल्या बाजूची. बॉनेट उघडलं की आत मॅटचे धागे दिसतात, तिथे जेलकोट नसतो. वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि गाडी सावलीत असताना दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतून दव धरलं तर अंगात ओल आहे.

ही आतली बाजू बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. चाकांनी उडवलेलं पाणी तिथेच बसतं आणि उघड्या धाग्यांच्या कडेकडेने, दिव्यात वात तेल ओढते तसं, आत शिरतं. वरून सात थर दिले आणि खालून दार उघडं ठेवलं, असं होतं.

परीक्षेत ओल निघाली की वेळापत्रक असं ठेवा. दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरात बॉनेट आणि डिकीचं झाकण काढून घ्या, दोन माणसांत निघतं. रंग कोरडा घासून उतरवायचा, मशीनने, थोड्या जागेत थोडा वेळ, गरम होऊ न देता. केमिकल रिमूव्हर अजिबात नको. जुन्या जोरकस रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराइड रंगासोबत पॉलिएस्टरलाही मऊ करतं, आणि नंतर ते रिमूव्हर आतून निघता निघत नाही. घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यात. काचेची भुकटी कातडीत शिरली की दोन दिवस झोप लागत नाही.

उघडे झालेले फोड मग गरम स्वच्छ पाण्याने धुवायचे. वाळवायला निघालोय आणि पाणी कशाला, असं वाटेल. पण ती आतली साखर पाण्यानेच निघते, नुसत्या उन्हाने पाणी उडून जातं आणि साखर तिथेच बसून राहते. आठवड्यात तीन-चारदा धुवा, शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा. बोअरचं पाणी इथे वापरू नका.

मग वाळवण. बॉनेट घरात आणा आणि खोलीत भिंतीला टेकवून उभं करा, दोन्ही बाजूंना वारा लागेल असं, पंखा सोडून. हीट गन किंवा हेअर ड्रायर लावू नका. साधं पॉलिएस्टर साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरमायला लागतं, मग बॉनेट वाकडं होतं आणि मॅटचे धागे वर उमटतात. बॅगेचं वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. दर रविवारी त्याच वेळी बॉनेटचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. दहा किलोच्या बॉनेटमध्ये एखाद्या टक्क्याची ओल असली तरी ते शंभर ग्रॅम पाणी झालं, काट्यावर ते दिसतं. सलग तीन रविवार आकडा हलला नाही की वाळलं असं समजा. जानेवारीत होईल, कदाचित फेब्रुवारी उजाडेल. पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या दुपारची कोरडी हवा या कामाला जशी लागते तशीच असते, ती फुकट मिळते, तिचा फायदा घ्या.

रंगाच्या दिवशी पेंटरला काय सांगायचं, ते लिहून न्या. वाळलेल्या अंगावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा, लांबीच्या खाली, वर नव्हे. इपॉक्सी पाण्याला पॉलिएस्टरपेक्षा खूपच कमी वाट देतं. ते आतल्या बाजूलाही, कडांनाही, आरसा आणि नंबर प्लेटच्या भोकांच्या काठांनाही लागलं पाहिजे. लांबी त्यावर, आणि घासायची कोरडीच. या एका मुद्द्यावर तो कुरकुर करेल, कारण कोरड्या घासण्याने धूळ होते आणि वेळ लागतो. तिथे नमू नका. प्रायमरपासून पुढे कोणीही उघड्या हाताने पॅनलला हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. मग टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सर्फेसर, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, आणि वर क्लिअरचा पारदर्शक थर. रंग वाळवायचा बूथ पत्र्याच्या गाडीसारखा साठ-सत्तर अंशांवर तापवू नका, चाळीस-पंचेचाळीसवर जास्त वेळ ठेवा. आणि रंग लालच ठेवा. गडद निळ्या किंवा काळ्या रंगाने उन्हात फायबर फार तापतं, वर तुमच्या बाबांनी निवडलेला लाल आहे.

रॅप का नको, हे आता तुमचं तुम्हालाच कळलं असेल. ते आणखी एक कव्हर झालं, तेही कायमचं चिकटवलेलं. पीपीएफचं, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचंही तेच. गाडी नीट वाळून, रंगून एक पावसाळा कोरडा काढला, मग हवं तर त्याचा विचार करा.

पार्किंगसाठी सोसायटीकडे अर्ज द्या. चार पाइप आणि वर पॉलिकार्बोनेटचं छप्पर, चारी बाजू उघड्या, एवढं मिळालं तर कव्हरची गरजच उरत नाही. नाही मिळालं तर हवा खेळती राहील असं नॉन-वोव्हन कापडी कव्हर घ्या, ओल्या गाडीवर ते कधीही घालू नका, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दुपारी काढून बॉनेट थोडं उघडं ठेवा. झाडाखाली, मातीवर किंवा गवतावर उभी करू नका. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं महिन्यातून एकदा काडीने मोकळी करा, पानं अडकतात.

विकण्याबद्दल भावाला एवढंच सांगा की हे फोड कातडीचं दुखणं आहे, हाडांचं नाही. तो ज्याची काळजी करतोय ते खरं तर खाली आहे. फायबरच्या अंगाखाली सांगाडा, ब्रॅकेट, बोल्ट हे सगळं लोखंडाचंच असतं. वरून गंज दिसत नाही म्हणून खाली कोणी बघत नाही. या हिवाळ्यात गाडी एकदा लिफ्टवर घ्या आणि सांगाडा हातोडीने हलकेच ठोकून बघायला सांगा. तिथे काही निघालं तर रंगाच्या आधी पैसे तिथे घाला. गाडी ठेवायची की द्यायची ते तुमच्या घरातलं आहे. मी इतकंच म्हणेन की गोव्यात थोड्याच संख्येने बनलेली, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची ही दोन सीटची गाडी आज पुण्याच्या रस्त्यावर क्वचित दिसते, आणि फोड दिसत असताना कोणी तिची खरी किंमत देणार नाही.

आगाऊ दिलेल्या दहा हजारांची चिंता करू नका. गॅरेजमध्ये जा, काम रद्द करत नाही, मार्चवर ढकलतेय असं सांगा, आणि तारखेसह पावतीवर तसं लिहून घ्या. दसऱ्याच्या तोंडावर त्याच्याकडे तशीही गर्दी असणार. बहुतेक तो मोकळाच होईल.

राहिली पूजा. गाडी कोरड्या फडक्याने पुसा आणि फोडांसकट पूजा करा. फक्त हळदकुंकू बॉनेटवर लावू नका. फोडलेल्या जागी हळद आत उतरते आणि जेलकोटपर्यंत पिवळं धरतं. नंबर प्लेटवर किंवा काचेवर बोट लावा. झेंडूची माळ भिजलेली असते, ती रंगावर रात्रभर राहू देऊ नका, स्टिअरिंगला बांधा.